तिपाईवर टेकवूनही रायफल का हलते? मोकळ्या रेंजवरील अनुभव हवे आहेत

जुनी कॅडेट | रविवार, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. गेले चार महिने एक अडचण सुटत नाही. ज्यांनी मोकळ्या मैदानात तिपाईवर रायफल टेकवून नेमबाजी केली आहे त्यांनाच ती नेमकी समजेल, म्हणून येथे सविस्तर मांडते.

महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये .२२ रायफल पोटावर झोपून चालवली होती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांचा खंड पडला. आता घरच्या जबाबदाऱ्या कमी झाल्यावर पुन्हा सुरुवात केली आहे, ती ४.५ मिमीच्या एअर रायफलने. ही नळी खाली दुमडून स्प्रिंग चढवायची साधी रायफल आहे आणि दुर्बिणीसह तिचे वजन सुमारे चार किलो भरते. इंदूरला खंडवा रोडच्या बाजूला परिचितांच्या क्लबची मोकळी रेंज आहे, मागे मातीचा उंच बांध आहे आणि तेथे ५० मीटरपर्यंत सराव करता येतो. माझा उजवा गुडघा मला झोपून पुन्हा उठू देत नाही, त्यामुळे स्टुलावर बसून किंवा उभ्याने नेम धरण्यावाचून पर्याय नाही. म्हणून तिपाई घेतली. ती छायाचित्रकार वापरतात तशी ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्या डोक्यावर रायफल दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा रबरी जबड्यांचा क्लॅम्प बसवला आहे.

आता अडचण अशी की, सुरुवातीच्या दिवसांत कसेबसे झोपून, डावा तळहात रायफलीखाली ठेवून मारलेले पाच छर्रे ५० मीटरवर साधारण ३५ मिमीच्या वर्तुळात बसत होते. तिपाईवर, जेथे रायफल स्क्रूने आवळलेली आहे आणि माझ्या हातावर तिचे वजनही नाही, तेथे तेच पाच छर्रे ९० मिमीपर्यंत पसरतात आणि हा पसारा आडवा कमी, उभा अधिक असतो. दुर्बिणीतून पाहताना फुलीचे चिन्ह तर झोपून असतानापेक्षा स्थिर दिसते. जे स्थिर दिसते ते स्थिर का नसावे, हे मला समजून घ्यायचे आहे. छर्रे, दुर्बीण आणि तिचे स्क्रू तपासून झाले आहेत.

ओळंबा | सोमवार, सकाळी ७.१५

ताई, मी नेमबाज नाही. पण जमीन मोजणीच्या कामात माझी छत्तीस वर्षे तिपाईसोबत गेली आहेत, म्हणून तिच्यापुरते बोलतो.

तीन पायांची वस्तू कोणत्याही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच पातळी जाते. परंतु डुगडुगत नाही म्हणजे हलत नाही, असे नव्हे. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत तर मुळीच नव्हे. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती लोण्यासारखी होते. या दोन्ही ऋतूंत रबरी बूट निरुपयोगी ठरतात आणि लोखंडी टोकेच हवीत. ती टोके सरळ खाली दाबू नयेत. पाय ज्या दिशेने तिरपा गेला आहे त्याच दिशेने, पावलाने रेटून रोवावीत. सरळ खाली दाबलेला पाय वर भार आला की आपला मार्ग शोधत राहतो आणि हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही. जमीन उतरती असेल तर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा.

दुसरी गोष्ट रायफलीच्या कलण्याची आहे. तुमच्या क्लॅम्पखाली गोल फिरणारा बॉलहेड असणार आणि बॉलहेडवर वस्तू कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलते. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपली मानही तिच्याबरोबर कलते. मी छर्ऱ्याचा हिशेब करून पाहिला. त्याला ५० मीटर जाण्यास साधारण ०.२४ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात तो नळीच्या रेषेपासून सुमारे २८ सेंटिमीटर खाली येतो. दुर्बीण लावताना हे खाली येणे धरूनच आपण तिचे झीरो करतो, म्हणजे फुली जेथे असेल तेथेच छर्रा लागेल अशी ती जुळवतो. मात्र रायफल ५ अंश जरी कलली, तरी त्या २८ सेंटिमीटरची भरपाई तिरपी होऊन छर्रा जवळपास २.४ सेंटिमीटर बाजूला जातो. लक्ष्याच्या फळीवर एक ओळंबा टांगा आणि दुर्बिणीतील उभी रेघ प्रत्येक वेळी त्या दोरीशी जुळवून मगच नेम धरा. तुमचा पसारा उभा आहे, त्यामुळे हे मुख्य कारण नसावे. पण ही चूक आधी बाजूला काढलेली बरी.

महूकर | सोमवार, दुपारी १.०५

पायदळात असताना महूला माझे अनेक वर्षे वास्तव्य झाले आणि शिकवण्याचे कामही केले. तेथे इन्फंट्री स्कूल आहे आणि आर्मी मार्क्समनशिप युनिटही तेथेच आहे, हे इंदूरकरांना सांगायला नको. ताई, तुम्ही एन.सी.सी.त होता, म्हणजे तीन उसूल तुम्हाला तोंडपाठ असतील: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. आपल्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणेच. हल्ली हा अर्थ विसरला जातो याचे मला वाईट वाटते.

तुमची चूक मला येथूनच दिसते आहे असे म्हणण्याचे धाडस करतो. तुम्ही रायफल तिपाईवर आवळली, मग खांद्याला लावली, मग फुली लक्ष्यावर आणली. फुली लक्ष्यावर आणण्यासाठी तुम्ही कुठे तरी ढकलले किंवा ओढले असणार. चाप सुटतो त्या क्षणी शरीर थोडे सैल पडते आणि रायफल तिच्या मूळ जागेकडे परत जाऊ लागते. याची परीक्षा सोपी आहे. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास सावकाश घ्या आणि डोळे उघडा. फुली सरकलेली दिसली तर हाताने ती परत आणू नका. स्टूल सरकवा, पाऊल सरकवा, तिपाईचा पाय सरकवा. डोळे उघडल्यावर फुली आपोआप लक्ष्यावर असेल, तोपर्यंत चापाला बोट लावू नका.

आणखी एक निरीक्षण सांगतो. गुडघ्यावर बसून नेम धरण्याची जी पद्धत आहे, तीत डावे पाऊल, उजवा गुडघा आणि उजव्या पायाची बोटे असे तीन टेकू असतात. म्हणजे ती माणसाचीच तिपाई आहे. ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये खेळाडू गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा क्रमाने खेळतो आणि तेथे कोणत्याही लाकडी वा लोखंडी टेकूला परवानगी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये याच प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारातील सांघिक सुवर्णपदक त्यांनी आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांनी, अखिल शेओराण यांच्यासह जिंकले. हे उदाहरण देण्याचा हेतू एवढाच की, त्यांच्या शरीराची मांडणी जे काम करते ते तिपाई करू शकत नाही. तिपाई फक्त वजन उचलते.

राऊकर | सोमवार, रात्री ११.५०

मूळचा राऊचा, सध्या टेक्सासमध्ये असतो. येथे २०१२ पासून प्रिसिजन रायफल सिरीज नावाच्या स्पर्धा चालतात. त्यांत ठरावीक वेळात वेगवेगळ्या अडथळ्यांवरून, छपरांवरून आणि तिपाईवरूनही दूरच्या लोखंडी पाट्यांवर नेम धरावा लागतो. मी हौशी स्पर्धक आहे, तिपाईवर मात्र पुष्कळ तास घालवले आहेत.

महूकर काकांच्या म्हणण्यात भर घालतो. तिपाईवर रायफल नुसती ठेवून उपयोग नसतो, तिच्यावर अंगाचा भार टाकावा लागतो. तिपाई छातीपेक्षा किंचित खाली ठेवावी, एक पाय थेट लक्ष्याकडे करावा, उरलेल्या दोन पायांच्या मधे उभे राहावे आणि खांद्याने रायफल पुढे रेटावी. यामुळे सांध्यांतील सगळी ढिलाई एकाच दिशेने निघून जाते. गोळी सुटल्यावर रायफल सरळ मागे येऊन पुन्हा पूर्वीच्या जागी बसते आणि आपली गोळी कोठे लागली ते दुर्बिणीतूनच दिसते. भार न टाकता मारल्यास रायफल उडी मारते आणि पाटीच दृष्टीआड होते. एक पाय मागे आणि दोन पाय पुढे ठेवणारेही अनेक जण येथे आहेत. त्यावर आमच्याकडे अजूनही वाद होतात.

ओळंबा | मंगळवार, सकाळी ६.५०

राऊकर, हा वाद भूमितीने निम्मा तरी मिटावा. तिपाईची तिन्ही टोके ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहेत असे धरा. एक पाय लक्ष्याकडे असेल तर त्या दिशेला आधार मध्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे. दोन पाय लक्ष्याकडे असतील तर त्या दोन टोकांना जोडणारी रेघ मध्यापासून अवघ्या ३० सेंटिमीटरवर येते आणि तिपाई त्याच रेघेवरून उलटते. म्हणून पुढे रेटणाऱ्याने एक पाय पुढे ठेवावा हे बरोबर आहे. झटका मागे येतो तेव्हा हिशेब उलटा होतो, पण तेथे मागे माणूस उभा असतोच. जो रेटत नाही, नुसता टेकवतो आणि ज्याच्या रायफलीला झटका मोठा आहे, त्याने एक पाय मागे ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

जुनी कॅडेट | बुधवार, रात्री ८.३०

सर्वांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती म्हणून सकाळीच रेंजवर गेले. पायांना लोखंडी टोके लावली, ती रोवली, फळीवर ओळंबा टांगला, डोळे मिटून परीक्षा केली. काकांनी सांगितलेली परीक्षा डोळे उघडणारी ठरली, कारण माझी फुली प्रत्येक वेळी उजवीकडे एका तळहाताएवढी सरकलेली असे. स्टूल फिरवल्यावर ते थांबले आणि आडवा पसारा खरोखर कमी झाला.

परंतु राऊकरांनी सांगितल्याप्रमाणे खांद्याने रेटून मारले तेव्हा उभा पसारा कमी होण्याऐवजी वाढला. पाच छर्रे १०० मिमीहून अधिक पसरले. दोन वेळा पुन्हा करून पाहिले, तेच झाले. मी खोटे बोलत नाही आणि सल्ला मनापासून पाळला आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

सियागंज | बुधवार, रात्री १०.२०

ताई, तुमच्या पहिल्याच संदेशात उत्तर दडलेले आहे आणि ते ‘स्प्रिंग’ या शब्दात आहे. मी अशा रायफली उघडून, वॉशर आणि स्प्रिंग बदलून पुन्हा बसवतो, त्यामुळे त्या आतून कशा वागतात ते सांगू शकतो.

दारूच्या काडतुसाची रायफल एकदाच मागे झटका देते. स्प्रिंगची एअर रायफल दोनदा हलते आणि दोन्ही हालचाली परस्परविरुद्ध असतात. चाप सुटला की स्प्रिंगने ढकललेला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून सगळी रायफल मागे सरकते. पिस्टन पुढे पोहोचून दाबलेल्या हवेच्या गादीवर अडतो, तेव्हा रायफल उलट पुढे हिसका खाते. यांतील बरीचशी हालचाल छर्रा नळीत असतानाच होते. म्हणजे छर्रा बाहेर पडतो तो हलणाऱ्या नळीतून. हे टाळता येत नाही, फक्त ते प्रत्येक वेळी अगदी सारखे घडेल एवढेच पाहता येते. ते सारखे घडण्यासाठी रायफलीला हलू द्यावे लागते.

तुम्ही ती आवळून धरली. आता ती मागे सरकू पाहते तेव्हा तिला संपूर्ण तिपाई ओढावी लागते. तिपाईचे पाय किंचित वाकतात आणि सुटतात. हे वाकणे प्रत्येक वेळी निराळे असते, कारण तुमचा खांदा प्रत्येक वेळी निराळ्या जोराने टेकलेला असतो. कठीण वस्तूवर टेकवलेली स्प्रिंग रायफल त्या वस्तूपासून दूर उडते, हा जुना अनुभव आहे आणि तुमचा टेकू खाली असल्यामुळे पसारा उभा होतो. राऊकरांच्या सांगण्यावरून तुम्ही आणखी रेटले, म्हणजे ही ओढाताण वाढवली. झोपून मारताना तुमचा तळहात मध्ये होता. तो मऊ होता आणि त्यावरून रायफल मागेपुढे सरकत होती. तेच खरे कारण होते, झोपण्याची स्थिती नव्हे.

उपाय सांगतो. क्लॅम्प काढून टाका. तिपाईच्या माथ्यावर सपाट पाटी बसवा, तिच्यावर अर्धी भरलेली पिशवी ठेवा. वाळूऐवजी तांदूळ किंवा मोहरी भरली तर ती हलकी राहते. पिशवीवर उघडा तळहात ठेवा आणि तळहातावर रायफल, बोटे न वळवता. दस्ता, म्हणजे रायफलीचा मागचा भाग, खांद्याला फक्त लागलेला असावा, रुतलेला नसावा. तळहाताची जागा रायफलीवर खडूने खूण करून ठरवा, कारण एक बोट पुढेमागे झाले तरी छर्रा जागा बदलतो. आणि एक विनंती आहे. छर्रा न भरता केवळ सरावासाठी ही रायफल चालवू नका. पुढे छर्ऱ्याचा अडथळा नसेल तर हवा मोकळी निघून जाते आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो. सराव हवा असेल तर स्प्रिंग न चढवता नुसता नेम धरून बसा.

राऊकर | गुरुवार, सकाळी ९.००

सियागंज यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे आणि ताईंची मी क्षमा मागतो. माझा अनुभव दारूच्या काडतुसांच्या, सात-आठ किलोच्या रायफलींचा आहे आणि तो तुमच्या रायफलीला लावताना मी विचार केला नाही. आपल्याकडे कोणी .२२ किंवा आधीच भरलेल्या हवेवर चालणारी रायफल वापरत असेल, तर भार टाकण्याचा सल्ला त्यांच्यापुरता कायम समजावा.

एक गोष्ट मात्र सर्वच रायफलींना लागू आहे. तिपाई पुढचे एकच टोक धरते, मागचे टोक तुमच्याकडे असते. टेकू आणि खांदा यांच्यात ७० सेंटिमीटर अंतर आहे असे धरले, तर दस्ता केवळ १ मिलिमीटर वर-खाली झाल्यावर ५० मीटरवर नेम सुमारे ७१ मिलिमीटर सरकतो. टेकू मागे घेऊन हे अंतर ४५ सेंटिमीटर केले, तर तोच १ मिलिमीटर १११ मिलिमीटर होतो. येथील स्पर्धक म्हणूनच कित्येकदा तिपाई पुढे न लावता मागे लावतात. पुढचा भाग एखाद्या भिंतीवर किंवा ओंडक्यावर पिशवी ठेवून टेकवतात आणि कोपर किंवा दस्ता तिपाईवर. ताई स्टुलावर बसतात, तर उजव्या कोपराखाली काही टेकू मिळाला पाहिजे.

सिरपूर | गुरुवार, दुपारी ३.४०

मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. पहाटे सिरपूर तलावावर आणि कधी यशवंत सागरावर असतो. तीन-चार किलोची लेन्स तिपाईवर असते, त्यामुळे तुमच्या दुखण्याशी माझी ओळख आहे. फक्त तिपाईबद्दल लिहितो.

मधला दांडा वर काढू नका. तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एकच काठी उभी राहते आणि तिपाईचा अर्थ संपतो. उंची हवी असेल तर पायांचे जाड भाग आधी काढा, सर्वांत खालचा बारीक भाग शेवटी, आणि तोही गरज असेल तरच. वारा असताना मध्यावर पिशवी टांगायची पद्धत चांगली आहे. पण ती लोंबकळत राहिली तर झोक्यासारखी हलते आणि तिपाईला हलवते. पिशवीचे बूड जमिनीला नुसते टेकेल इतकी दोरी लांब ठेवा. कार्बनची तिपाई परवडत असेल तर फरक पडतो, थरथर लवकर विरते. परंतु ॲल्युमिनियमची जाड पायांची तिपाई कार्बनच्या बारीक पायांपेक्षा केव्हाही चांगली.

आणि येथे नवे कोणी वाचत असतील तर हात जोडून सांगतो, पक्षी हे लक्ष्य नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते.

अन्नपूर्णा रोड | गुरुवार, रात्री ९.१५

हा धागा वाचताना वाटले की माझा अनुभव येथे उपयोगी पडेल. माझ्या मुलाच्या दोन्ही हातांत जन्मापासून बळ कमी आहे आणि तो पॅरा नेमबाजी शिकतो आहे. ज्यांना हाताने रायफलीचे वजन पेलता येत नाही, अशा खेळाडूंसाठी एसएच-२ हा वर्ग आहे आणि त्यात रायफल एका स्टँडवर टेकवण्याची परवानगी असते. लोकांना वाटते की स्टँड आहे म्हणजे सोपे आहे. नातेवाईकांनी हे मुलाच्या तोंडावर म्हटले आहे आणि त्या दिवशी तो जेवला नव्हता.

त्या स्टँडच्या माथ्याखाली स्प्रिंग असते. रायफल तिच्यावर तरंगते, आवळलेली नसते. श्वास घेतला की ती हलते, हृदयाचा ठोकासुद्धा फुलीत दिसतो. आर-४ या प्रकारात, म्हणजे १० मीटर उभ्या स्थितीच्या स्पर्धेत, कोपरे टेबलाला लावता येत नाहीत. आर-५ मध्ये दोन्ही कोपरे टेबलावर टेकतात आणि मुलगा म्हणतो की, खरी तिपाई तीच आहे, दोन कोपरे आणि तिसरा स्टँड. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या ठिपक्यासाठी तो रोज दोन तास नुसता श्वास मोजत बसतो, छर्रा न झाडता.

त्याने ताईंसाठी एक निरोप दिला आहे. फुली स्थिर होण्याची वाट पाहू नका, कारण ती कधीच पूर्ण स्थिर होत नाही. श्वास अर्धा सोडल्यावर ती ज्या लहानशा जागेत फिरते ती जागा ओळखा. त्या जागेच्या मध्यावर लक्ष्य असले की चापावरचा दाब सावकाश वाढवत राहा आणि छर्रा सुटण्याचा क्षण ठरवू नका.

महूकर | शुक्रवार, सकाळी ६.३०

अन्नपूर्णा रोड, तुमच्या चिरंजिवांना माझा आशीर्वाद सांगा. त्यांनी एका परिच्छेदात जे सांगितले ते समजावायला मला वर्गात आठवडे लागत असत.

माझ्या ‘मजबूत पकड’ या शब्दांनी ताईंचा गोंधळ वाढला असल्यास तो दूर करतो. मजबूत म्हणजे आवळलेली असे नव्हे, प्रत्येक वेळी तीच. स्प्रिंगच्या रायफलीला ती हलकी असेल, पण प्रत्येक वेळी तीच असली पाहिजे.

सुरक्षिततेचे राहून गेले म्हणून पुन्हा लिहीत आहे, आणि हा भाग कृपया कोणी वगळू नये. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. तिपाईवर बसून समोरच्या कठड्यावरून, दगडावरून किंवा गाडीच्या बॉनेटवरून नेम धरताना दुर्बिणीतून सगळे मोकळे दिसते आणि नळीचे तोंड मात्र त्या दगडासमोर असते. असा छर्रा किंवा गोळी उलट येते. म्हणून प्रत्येक वेळी तिपाई लावल्यावर डोळा दुर्बिणीपासून काढून, बाजूने नळीच्या रेषेत एकदा पाहावे. दुसरे, रेंजचा मागचा बांध बहुधा झोपून मारणाऱ्याचा विचार करून घातलेला असतो. बुटक्या स्टुलावर बसून उंच टांगलेल्या लक्ष्यावर नेम धरला तर नळी वर पाहते आणि चुकलेली गोळी बांधावरून जाऊ शकते. लक्ष्याची उंची तुमच्या नव्या बैठकीप्रमाणे बदलून घ्या आणि ती रेंजच्या प्रमुखांना दाखवा. तिसरे, तिपाईवर ठेवलेली रायफल सोडून कोणी लक्ष्य पाहायला जाऊ नये. ती मोकळी करून, नळी उघडून खाली ठेवावी. उभी तिपाई एका धक्क्याने आडवी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नवीन मंडळींसाठी कायद्याचेही सांगतो. एअर रायफलची नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी असेल किंवा छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक असेल, तर परवाना लागतो. परवाना लागत नसला तरी ते खेळणे नव्हे आणि शेतात, गच्चीवर किंवा तलावाकाठी तिपाई लावून बसण्याची मुभा त्यातून मिळत नाही. मैदानी नेमबाजी म्हणजे मोकळी रेंज, एवढाच अर्थ येथे घ्यावा.

जुनी कॅडेट | रविवार, दुपारी १२.४५

आज पहाटे साडेसहाला रेंजवर पोहोचले आणि आताच परत आले आहे. हात अजून मोहरीच्या वासाचे आहेत, कारण पिशवी स्वयंपाकघरातल्या मोहरीने भरली होती.

क्लॅम्प काढला. तिपाईच्या माथ्यावर सुताराकडून करून घेतलेली वीतभर पाटी बसवली, तिच्यावर पिशवी, पिशवीवर तळहात. मधला दांडा पूर्ण खाली घेतला आणि उंचीची भरपाई म्हणून स्टूलच बुटके केले. काकांनी सांगितल्याप्रमाणे लक्ष्यही हातभर खाली घेतले आणि रेंजच्या प्रमुखांना नळीच्या रेषेतून बांध दाखवला. रायफलीवर खडूची खूण केली. एक पाय लक्ष्याकडे ठेवला. उजव्या कोपराखाली घरातील जुनी लोडाची उशी मांडीवर घेतली, ती सर्वांत उपयोगी पडली असे वाटते. स्प्रिंग न चढवता वीस मिनिटे नुसता नेम धरून बसले आणि फुली कोठे फिरते ते पाहिले. ती श्वास अर्धा सोडल्यावर आडव्या आठाच्या आकारात फिरते, हे मला चार महिन्यांत दिसले नव्हते.

पहिले पाच छर्रे ४२ मिमीमध्ये बसले. दुसरे पाच ३८ मिमीमध्ये. तिसऱ्या वेळी मुद्दाम खडूच्या खुणेपासून दोन बोटे पुढे तळहात ठेवला, तर पाचही छर्रे एकत्रच राहिले पण सगळे मिळून जवळपास इंचभर वर गेले. सियागंज यांचे म्हणणे यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध होऊ शकत नाही. उभ्याने मात्र अजून ६५ मिमीच्या खाली येता येत नाही. मागच्या टोकाला आधार नाही हे त्याचे कारण आता मला समजते. त्यासाठी एक उंच काठी कोपराखाली घेऊन पाहणार आहे.

दहा वाजेनंतर नवी अडचण दिसली. ऊन चढले, जमिनीवरून हवेच्या लाटा उठू लागल्या आणि पश्चिमेकडून मंद वारा सुरू झाला. उभा पसारा तेवढाच राहिला, परंतु सगळे छर्रे दोन-तीन सेंटिमीटर डावीकडे जाऊ लागले. रेंजवरील झेंडा जेमतेम हलत होता. झेंडा माझ्याजवळ आहे आणि लक्ष्य ५० मीटर दूर, त्यामुळे मधल्या वाटेवर वारा कसा आहे ते झेंड्यावरून कळत नाही. पुढच्या रविवारी १५ आणि ३५ मीटरवर दोन काड्या रोवून त्यांना लोकरीचे बारीक धागे बांधणार आहे. धागे कोणत्या उंचीवर बांधावेत, छर्ऱ्याच्या वाटेच्या उंचीवर की थोडे खाली, हे राऊकर किंवा काका यांनी सांगावे.

राऊकर | रविवार, रात्री १०.३०

थोडे खाली बांधा, म्हणजे ते छर्ऱ्याच्या आड येणार नाहीत आणि दुर्बिणीच्या कडेला दिसत राहतील. दोन्हींपैकी १५ मीटरच्या धाग्याकडे अधिक लक्ष द्या. सुरुवातीलाच छर्रा वाऱ्याने तिरका झाला तर उरलेली सगळी वाट तो तिरकाच जातो. दोन्ही धागे परस्परविरुद्ध दिशांना उडत असतील तर चापावरून बोट काढून थांबा.